चार-पाच दिवसांत गाडीने स्लोव्हेनिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही म्युनिकला राहतो. तिथून ब्लेडचं तळं गाडीने चार-साडेचार तासांवर आहे, त्यामुळे स्लोव्हेनियाला तीनदा जाणं झालं. एकदा आम्ही दोघंच, एकदा मित्रांबरोबर आणि एकदा पुण्याहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन. तेव्हापासून नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे ऑफिसातले लोक प्रश्न पाठवत असतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. दर आणि वेळा बदलतात, निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.

1. स्लोव्हेनिया म्हणजे स्लोव्हाकियाच ना?

नाही. तिकीट काढताना तर नक्कीच नाही. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हेनियाची ल्युब्लियाना. हा देश इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मधोमध आहे. 1991 पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. 2004 मध्ये युरोपियन युनियनमध्ये आला, 2007 पासून तिथे युरो चालतो. क्षेत्रफळ साधारण 20 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपला पुणे जिल्हा आणि आताचा ठाणे जिल्हा एकत्र केला तर तेवढा. लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास, नागपूर शहराएवढीही नाही.

2. एवढासा देश, मग दोन दिवस पुरतील ना?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न हाच. नकाशावर ल्युब्लियाना ते ब्लेड 55 किलोमीटर, ल्युब्लियाना ते समुद्रकाठचं पिरान 120 किलोमीटर. ते वाचून लोक एका दिवसात तळं, घाट, गुहा आणि समुद्र असं सगळं कोंबतात. हायवेवर हे अंतर खरंच पटकन कापलं जातं. पण ज्यासाठी जायचं तो भाग हायवेवर नाहीच. क्रान्स्का गोरा ते बोवेत्स या दोन डोंगरगावांमधलं अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये वर्शिचचा घाट आहे. न थांबता दीड तास लागतो, आणि न थांबता तिथून कुणी जात नाही. आम्हाला पाच तास लागले होते.

त्यामुळे किलोमीटर मोजू नका, तास मोजा. चार रात्री ठीक, पाच उत्तम. दोनच दिवस असतील तर ल्युब्लियाना आणि बोहिनचं तळं एवढंच करा, बाकीच्याचा मोह सोडा.

3. पाच दिवसांचा मार्ग सांगा ना. कुठे किती रात्री?

रोज बॅगा भरून हॉटेल बदलायचं नाही, हे आधी ठरवा. आम्ही असं करतो:

पहिला दिवस ल्युब्लियाना. जुनं शहर पायी फिरायचं. योझे प्लेचनिक या वास्तुरचनाकाराने नदीवरच्या जुन्या पुलाला दोन्ही बाजूंनी एकेक पादचारी पूल जोडून तिहेरी पूल केला. त्याच्या या शहरातल्या कामाला 2021 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. जवळच ड्रॅगनचा पूल आहे.

दुसरा आणि तिसरा दिवस बोहिनला मुक्काम, ब्लेड जाता जाता (का, ते प्रश्न 10 मध्ये). चौथ्या दिवशी वर्शिच घाट ओलांडून सोचा नदीच्या खोऱ्यात उतरायचं, मुक्काम बोवेत्स किंवा कोबारिदला. पाचव्या दिवशी नदीच्या कडेकडेने नोव्हा गोरिका, तिथून गुहा (प्रश्न 11) आणि परत ल्युब्लियाना. सहावा दिवस हाताशी असेल तर समुद्रकाठचं पिरान.

नोव्हा गोरिकाच्या आधी सोल्कानचा रेल्वेपूल लागतो, तो चुकवू नका. 85 मीटरची एकच दगडी कमान आहे. दगडी कमानीच्या रेल्वेपुलांमध्ये जगात सगळ्यात मोठी. आणि नोव्हा गोरिकाच्या स्टेशनासमोरचा चौक अर्धा स्लोव्हेनियात, अर्धा इटलीत. सासऱ्यांनी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढून घेतला आणि नंतर महिनाभर तो सगळ्यांना पाठवला.

4. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये शिराल त्याच्याकडे. भारतातून स्लोव्हेनियाला थेट विमान नाही, त्यामुळे विमान व्हेनिसला उतरतंय म्हणून इटलीचा व्हिसा, असा सरळ हिशोब लोक करतात. विमान कुठे उतरतं याला महत्त्व रात्री सारख्या भरल्या तरच. किमान 30 हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळणं हीच खरी अडचण, म्हणून लवकर लागा.

जर्मनी किंवा दुसऱ्या शेंगेन देशाचं राहण्याचं परवानापत्र असेल तर वेगळा व्हिसा नको. पण पासपोर्ट आणि ते कार्ड दोन्ही जवळ ठेवा. सीमेवर चौक्या नसतात असं म्हणतात, पण 2023 च्या ऑक्टोबरपासून इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. आम्हाला त्या सीमेवर एकदा थांबवलं होतं. सगळ्यांचे पासपोर्ट डिकीतल्या बॅगेच्या तळाशी, मागे लांबलचक रांग आणि सासूबाई शांतपणे चिवडा पुढे करताहेत.

5. भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून गेलात तर येते, पण सोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. भाड्याची गाडी देणारे तो मागतात. तो भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओकडून घ्यायचा असतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो, शुल्क 1000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत हवंच, मोबाइलमधलं चालत नाही.

एक फट आहे, तीत आपलेच लोक अडकतात. जर्मनीत राहायला येऊन सहा महिने झाले की भारतीय लायसन्सवर जर्मनीत गाडी चालवता येत नाही. म्हणजे नोकरीसाठी वर्षभरापूर्वी आलेला भाचा म्युनिकहून गाडी घेऊन निघणार असेल, तर पुण्याचा परवाना त्याच्या कामाचा नाही. सुट्टीवर आलेले त्याचे बाबा मात्र चालवू शकतात.

6. गाडी कुठून भाड्याने घ्यावी?

ल्युब्लियानाचा विमानतळ छोटा आहे, तिथे उतरणारी विमानं मोजकी. त्यामुळे त्रिएस्ते, व्हेनिस किंवा झाग्रेबला उतरून गाडी घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. त्रिएस्ते तर स्लोव्हेनियाच्या सीमेला लागूनच आहे. मात्र गाडी दुसऱ्या देशात नेणार हे बुकिंगच्या वेळीच सांगा. काही कंपन्या वेगळे पैसे घेतात, काही लेखी परवानगी देतात आणि न सांगता नेलीत तर विमा लागू होत नाही.

ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागा, नाहीतर गिअरची मिळेल. उजवीकडून चालवायचं, डाव्या बाजूला बसायचं, उजव्या हाताने गिअर टाकायचे आणि समोर घाट, हे सगळं एकाच दिवशी शिकायला जाऊ नका. अनामत रक्कम अडकवण्यासाठी बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं.

7. विन्येट म्हणजे काय? नाही घेतलं तर?

विन्येट म्हणजे हायवे वापरण्याचा ठरावीक मुदतीचा टोल. आपल्यासारखे नाके नाहीत. पूर्वी काचेवर चिकटवायचं स्टिकर असे, आता ते इलेक्ट्रॉनिक आहे आणि गाडीच्या नंबराशी जोडलेलं असतं. साध्या गाडीसाठी सात दिवसांचं साधारण 16 युरोंना मिळतं. नसेल तर दंड 300 युरोंपासून सुरू होतो. कॅमेरे नंबर वाचतात, त्यामुळे 'सापडलो तर बघू' हा विचार सोडा.

स्लोव्हेनियात भाड्याने घेतलेल्या गाडीला ते बहुधा असतं, पण किल्ली घेताना विचारा. इटली, ऑस्ट्रिया किंवा क्रोएशियातून घेतलेल्या गाडीला बहुधा नसतं. ते स्लोव्हेनियाच्या हायवे कंपनीच्या म्हणजे दार्सच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, किंवा सीमेजवळच्या पेट्रोलपंपावर. पहिल्या वेळी मी घाईत शोधून जी साइट सर्वात वर आली तिथून घेतलं. विन्येट खरं निघालं, पण पैसे जवळजवळ दुप्पट गेले. साइट मध्यस्थाची होती आणि 'सेवाशुल्क' तळाशी बारीक अक्षरांत होतं. नंबर भरताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत करू नका आणि गाडी कुठल्या देशात नोंदलेली आहे तो रकानाही नीट निवडा.

8. विन्येटशिवाय जाताच येत नाही का?

येतं, कारण ते फक्त हायवे आणि द्रुतगती मार्गांसाठी आहे. इटलीतल्या तारविझिओकडून थेट क्रान्स्का गोरा, वर्शिच, बोवेत्स एवढंच करून परत जाणार असाल तर स्लोव्हेनियाचा हायवे लागतच नाही. तसंच ऑस्ट्रियातल्या फिलाखहून वुर्त्सन खिंडीतून उतरलात तरी नाही. त्या खिंडीत 18 टक्क्यांचा चढ आहे, नवख्या चालकाने तिकडे जाऊ नये. बाकी ल्युब्लियाना किंवा गुहा यांपैकी काहीही यादीत असेल तर मुकाट्याने घेऊन टाका. 16 युरो वाचवण्यासाठी जीपीएसशी दिवसभर भांडण्यात अर्थ नाही.

म्युनिकहून येणाऱ्यांसाठी: वाटेत चार वेगळे खर्च आहेत. ऑस्ट्रियाचं विन्येट, टाउअर्न मार्गाचा टोल, कारावांकन बोगद्याचा टोल आणि बोगदा संपताच स्लोव्हेनियाचं विन्येट. एक घेतलं म्हणजे दुसरं आलं असं नाही. कारावांकन बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे आणि जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी त्याच्या तोंडाशी दोन-दोन तासांची रांग लागू शकते. शुक्रवारी दुपारपूर्वी किंवा रविवारी निघा.

9. वर्शिच घाट आपल्याला झेपेल का?

वरंधा किंवा आंबोली घाटात गाडी चालवली असेल तर झेपेल. रस्ता अरुंद आहे, पण खड्डे नाहीत आणि समोरून एसटी अंगावर येत नाही. अंगावर येतात सायकलवाले आणि मोटारसायकलवाले.

खिंड 1611 मीटरवर आहे. एकूण 50 वळणं: 24 क्रान्स्का गोराच्या बाजूला, 26 पलीकडे त्रेंताच्या बाजूला. प्रत्येक वळणावर क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी असते. चढताना या उत्तरेकडच्या बाजूची वळणं दगडी फरसबंदीची आहेत. डांबरावरून चाक त्या दगडांवर आलं की गाडी खडखड वाजायला लागते, वळण संपलं की आवाज एकदम थांबतो. पावसात हे दगड निसरडे होतात, म्हणून वळणाआधी वेग कमी करा, वळणावर ब्रेक दाबत बसू नका. मागच्या सीटवरून सासूबाई पाट्या मोजत होत्या. चौदाव्या पाटीला मोजणी थांबली, आवळासुपारी निघाली आणि आम्ही पुढच्या मोकळ्या जागेत वीस मिनिटं थांबलो. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि सकाळचा नाश्ता हलका ठेवा.

हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. पलीकडे इटलीची आघाडी होती, तिथे रसद पोचवायची होती. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यांतले अनेक कैदी गाडले गेले. त्यांच्या आठवणीत सोबत्यांनी बांधलेलं लाकडी रशियन चॅपल आठव्या वळणाजवळ आहे. तिथे जरूर थांबा. पुढचा रस्ता आपसूक हळू चालवला जातो.

हिवाळ्यात घाट बंद असतो, बर्फावर अवलंबून एप्रिलपर्यंतही. तेव्हा तारविझिओवरून प्रेदिल खिंडीतून बोवेत्सला जायचं. तिसरा पर्याय मुलांना फार आवडतो: बोहिन्स्का बिस्त्रिका ते मोस्त ना सोची अशी गाड्या वाहून नेणारी रेल्वे आहे. आपण आपल्याच गाडीत बसायचं आणि सहा किलोमीटरहून लांब असा 1906 सालचा बोगदा अंधारात पार करायचा. दुरुस्तीसाठी हा मार्ग अधूनमधून बंद असतो, वेळापत्रक आधी बघा.

10. ब्लेड की बोहिन?

बघायला ब्लेड, राहायला बोहिन. माझं मत पक्कं आहे, नवऱ्याचं उलट आहे.

ब्लेडचं बेट, त्यावरचं चर्च, कड्यावरचा किल्ला, हे सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची फेरी सपाट आहे, वयस्करांनाही जमते. बेटावर प्लेत्ना नावाच्या होडीने जायचं. नावाडी उभ्याने वल्हवतो. बेटावर उतरलं की 99 पायऱ्या, गुडघे दुखत असतील तर हे आधी सांगून ठेवा. क्रेमना रेझिना हा क्रीमचा चौकोनी केक इथलाच, 1953 पासूनचा. एक घेऊन दोघांत खा.

बोहिन ब्लेडपासून अर्ध्या तासावर. देशातलं सगळ्यात मोठं कायमस्वरूपी नैसर्गिक तळं, आणि काठावर हॉटेलांची गर्दी नाही. व्होगेलची केबल कार 1535 मीटरवर नेते. हवा स्वच्छ असेल तर समोर त्रिग्लाव दिसतो. 2864 मीटरचं हे शिखर त्यांच्या झेंड्यावरही आहे. साविका धबधब्याला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. बोहिनला पाऊस फार पडतो, छत्री नव्हे, रेनकोट न्या.

ब्लेडजवळच्या विंतगार घळीचं तिकीट वेळेनुसार ऑनलाइन मिळतं आणि आत वाट एकाच दिशेने आहे. हिवाळ्यात बंद.

11. पोस्तोयना आणि श्कोत्सियान, दोन्ही गुहा बघायच्या का? आई-बाबा बरोबर आहेत.

एकच बघा. आई-बाबा असतील तर पोस्तोयना. आत छोटी रेल्वे साडेतीन किलोमीटर नेते, मग साधारण दीड किलोमीटर चालायचं, वाट बांधलेली आहे. जवळच गुहेच्या तोंडात बांधलेला प्रेद्यामाचा किल्ला आहे.

चालणारे असाल तर श्कोत्सियान, डोळे झाकून. 1986 पासून युनेस्कोच्या यादीत. जमिनीखालच्या दरीतून नदी वाहते आणि तिच्यावरून 45 मीटर उंचीचा पूल आहे. खाली पाण्याचा आवाज आणि लांबवर दिव्यांची एक ओळ, ती म्हणजे आपल्याच पुढे गेलेली वाट. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत आणि आत फोटो काढू देत नाहीत. दोन्हीकडे वर्षभर 10-12 अंश असतात, जूनमध्येही स्वेटर लागतो.

12. शाकाहारी लोकांचं काय होतं?

उपाशी राहत नाहीत, पण विचारून खावं लागतं. श्त्रुकली म्हणजे पनीरसारख्या ताज्या चीजचं सारण भरून गुंडाळलेल्या आणि उकडलेल्या वड्या. गोड आणि तिखटमिठाच्या, दोन्ही मिळतात. आमच्या घरात सगळ्यांना आवडल्या. कुट्टूच्या पिठाचे झ्गांत्सी उपवासाची आठवण देतात, पण त्यावर बरेचदा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, आधी सांगा. योता हे आंबवलेल्या कोबीचं आणि बीन्सचं सार, त्यातही बहुतेकदा मांस असतं. इटली शेजारी असल्याने पिझ्झा गावोगावी चांगला मिळतो.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर खिचडीचा प्रश्न मिटतो. फक्त रविवारचं सामान शनिवारीच आणा. 2020 मध्ये झालेल्या कायद्याने रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, पेट्रोलपंपावर दूध-ब्रेड मिळतं.

13. चालवताना कुठले नियम लक्षात ठेवायचे?

हायवेला 130, द्रुतगती मार्गाला 110, गावाबाहेर 90, गावात 50. हेडलाइट दिवसाही लावायचे. 15 नोव्हेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या. हायवेवर कोंडी झाली की गाड्या दोन्ही कडांना घेऊन मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची. ती आवाज करत येईपर्यंत थांबायचं नाही. आणीबाणीला 112, पोलिसांना 113.

14. पार्किंग मिळतं का?

सकाळी नऊच्या आत पोचलात तर मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लेड आणि बोहिन दोन्हीकडे दहानंतर नुसत्या चकरा. ल्युब्लियानाच्या मध्यभागात गाड्यांना बंदी आहे, बाहेरच्या पार्किंगला लावून बसने या. पिरानमध्ये गाडी गावाबाहेरच्या 'फोर्नाचे' नावाच्या गॅरेजमध्ये लावायची, तिथून बस तार्तिनी चौकात सोडते. पिरानहून निघताना सेचोव्लेची मिठागरं बघा. वसई-भाईंदरकडे मिठागरं पाहिलेल्या सासऱ्यांनी तिथल्या मार्गदर्शकालाच प्रश्न विचारून दमवलं.

सुटी नाणी गाडीत ठेवा, काही जुनी यंत्रं दुसरं काही घेत नाहीत.

15. गाडीतच झोपलो तर? हॉटेलचा खर्च वाचेल.

नको. ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागा सोडून तंबू ठोकायला किंवा मुक्काम करायला बंदी आहे, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात तर तपासणीही होते. कॅम्पिंगच्या जागा सोचाच्या काठाला भरपूर आणि स्वच्छ आहेत.

16. एवढे जातोच आहोत तर क्रोएशिया आणि बोस्निया पण करावं का?

क्रोएशिया जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, तोच व्हिसा चालतो (गाडीसाठी प्रश्न 6 बघा). पण बोस्निया, सर्बिया, मॉन्टेनेग्रो शेंगेनबाहेर आहेत. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही मोस्तारचा पूल बघायला म्हणून बोस्नियात शिरलात, तर परत येता येणार नाही. परतीचं विमान व्हेनिसहून आणि तुम्ही सीमेच्या पलीकडे, असा फोन मला एका ओळखीच्यांकडून खरंच आला होता. व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा रकाना असतो. तिथे 'MULT' असं छापलंय का, ते घरीच बघून ठेवा.

17. कुठल्या महिन्यात जावं?

जून किंवा सप्टेंबर. मेच्या शेवटीही चालेल, फक्त वर्शिच उघडलाय का ते बघा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि सोचाचं पाणी बर्फ वितळून फुगलेलं, काचेच्या हिरव्या बांगडीच्या रंगाचं. पाय घालून बघा, पण मिनिटभराच्या वर ठेवता येत नाहीत. आमच्यातला विक्रम सासूबाईंच्या नावावर आहे, दीड मिनिट.